भिंत आधी, चित्र नंतर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्वच्छ सर्वेक्षणाची पथके यायची वेळ झाली की गावोगावच्या नगरपालिका भिंती रंगवायला काढतात. उड्डाणपुलाचे खांब, शाळांची कुंपणे, जलकुंभ, बसस्थानकांच्या बाजू, जे सपाट दिसेल त्यावर चित्र. दोन पावसाळे गेले की तिथेच पोपडे धरतात, तुकोबांच्या गालावर ओलीबरोबर आलेल्या क्षारांचा पांढरा लोणा फुलतो आणि दोष चित्रकाराच्या नाहीतर रंगाच्या डब्याच्या माथी जातो. निविदेत चित्राचे चौरस फूट मोजलेले असतात, पण भिंतीला ओल आहे का, गिलावा किती दिवसांचा आहे, वरची पन्हळ कुठे गळते याबद्दल त्यात एक ओळही नसते. या पत्राचे कारण एवढेच आहे.

भित्तिचित्रकाराचे आयुष्य म्हणजे काय, हे सांगायला विनोदबिहारी मुखर्जींइतके बोलके उदाहरण आपल्या देशात दुसरे नाही. जन्म 1904, कलकत्त्याजवळ बेहाला इथे. एका डोळ्याने जन्मापासून दिसत नव्हते, दुसऱ्याची नजर फार अधू. शाळेसाठी शांतिनिकेतनात आले आणि 1919 मध्ये कलाभवन ही तिथली कलाशाळा सुरू झाल्यावर तिथे चित्रकार नंदलाल बोसांचे विद्यार्थी झाले. 1925 पासून तिथेच शिकवू लागले, ग्रंथालयही सांभाळत. शांतिनिकेतनात त्यांच्या नावावरच्या मोठ्या भिंती बोटांवर मोजाव्यात इतक्याच आहेत. 1940 मध्ये कलाभवनच्या वसतिगृहाचे छत, त्यावर बीरभूमचे खेडे आणि मधोमध तळे. 1942 मध्ये चीना भवनात आश्रमातले रोजचे जीवन. 1946-47 मध्ये हिंदी भवनात मध्ययुगीन संत. आणि 1972 मध्ये, दृष्टी पूर्ण गेल्यानंतर पंधराएक वर्षांनी, कलाभवनच्या भिंतीवर भाजलेल्या फरशांचे चित्र. कागद घडी घालून, कापून त्यांनी आकृत्या केल्या आणि सहकाऱ्यांनी त्या फरशांत उतरवल्या. सत्यजित राय यांनी त्यांच्यावर लघुपट केला तोही 1972 चाच. पद्मविभूषण 1974 मध्ये मिळाले, 1980 मध्ये ते गेले.

मधल्या काळात काठमांडूच्या सरकारी संग्रहालयाची जबाबदारी, राजस्थानातले वनस्थळी विद्यापीठ, मसुरीतले कलाशिक्षण, 1956-57 च्या सुमारास मोतीबिंदूची फसलेली शस्त्रक्रिया, मग पुन्हा कलाभवनात अध्यापन. चरितार्थ नोकरीवर चालत होता. आजही बहुतेकांचे तसेच आहे, आणि पालिकेच्या कामावर पोट भरेल असे समजून कोणी या धंद्यात पडू नये.

शांतिनिकेतनच्या या भिंतींची मुळे महाराष्ट्रात आहेत, हे मात्र आपल्याकडे क्वचित सांगितले जाते. 1909 च्या हिवाळ्यात इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या नकला करायला आल्या तेव्हा त्यांना मदत करायला आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते. हीच माणसे पुढे बंगालात भिंतींकडे वळली. गायकवाडांच्या बडोद्यात, कीर्तिमंदिराच्या चार भिंती नंदलालांनी रंगवल्या त्याही एका हंगामात नव्हे. 1939 पासून 1945 पर्यंत टप्प्याटप्प्याने. आपल्याकडे त्याहून मोठ्या भिंतीला पंधरा दिवस देतात.

अजिंठ्याचे काम ओल्या चुन्यावरचे नाही. खडकावर माती, दगडाची भुकटी, भाताचे तूस आणि काड्यांचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि ते वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणून तिथला गिलावा पाण्याला आणि किड्याला भितो. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेले तुकडे पुन्हा पक्के बसवले ते चांगलेच झाले, पण चित्रांवर लाखेचे रोगण चढवले. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले, त्यात धूळ धरली आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची अनेक वर्षे गेली. आज एखादा अधिकारी 'वरून चकचकीत कोट मारून टाका, टिकेल' म्हणतो तेव्हा त्याला अजिंठ्याची ही गोष्ट जरूर सांगावी.

हिंदी भवनाची भिंत याच्या उलट जातीची. तिथे रंग ओल्या चुन्यात मुरवलेला आहे. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. होता होता पृष्ठभागावरचे रंगाचे कण आपल्यात बांधून घेतो. डिंक नाही, तेल नाही, अंडे नाही. नुसते पाणी, माती आणि वेळेची गणिते. शांतिनिकेतनात जयपूरचे परंपरागत कारागीर नरसिंगलाल यांना बोलावून त्यांची पद्धतही शिकून घेतली गेली होती. त्यात रंग ओल्या थरावर लावून लहान थापीने ठोकून आत बसवतात, अकिकाच्या दगडाने घोटतात आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवतात. पृष्ठभाग काचेसारखा होतो. चित्रकाराला गवंड्याकडून शिकावे लागते याचा तो उघड कबुलीजबाबच आहे. आपल्या कलाशाळांत अजून हा धडा पुरता उतरलेला नाही.

आता चुन्याबद्दल, कारण खरे काम तिथेच बिघडते. कळीचा म्हणजे भाजलेला, न विरवलेला चुना हौदात विरवून किमान तीन-चार महिने पाण्याखाली ठेवायचा. वर्षभर ठेवला तर उत्तम. वरून चार बोटे पाणी कायम हवे, नाहीतर वरचा थर हवेने मरतो. न विरलेली एखादी कणी राहिली तर ती गिलाव्यात महिन्याभराने फुगते आणि रुपयाएवढा टवका उडवते. म्हणून विरलेला चुना बारीक जाळीतून गाळल्याशिवाय घेऊ नये. पिशवीत मिळणारी कोरडी चुनाभुकटी पांढरी सफेती द्यायला ठीक; गोदामात पडून ती अर्धी निकामी झालेली असते. घाई म्हणून मूठभर सिमेंट किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस टाकणारे गवंडी भेटतात. दोन्हींतले क्षार पुढे पृष्ठभागावर येतात आणि रंगावर पांढरी साय धरतात.

वाळूचे नवे दुखणे म्हणजे क्रश सँड. नदीची वाळू मिळत नाही म्हणून खाणीतली चालवावी लागते. तिच्यातली दगडाची पीठी काढली नाही तर गिलावा तडकतो. चाळून, तीन-चार पाण्यांनी धुऊन, निवळ पाणी येईपर्यंत. शिवाय आपला काळा दगड थर करडा करतो, म्हणून वरच्या थरात वाळूऐवजी संगमरवराची भुकटी घालावी. बोअरचे पाणी खारट असेल तर तेही नको. खालचा थर 10 मिलिमीटर, एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग वाळू, पृष्ठभाग खरखरीत ठेवायचा. तो काही आठवडे वाळू द्यायचा. वरचा, चित्राचा थर 3 ते 5 मिलिमीटर, एकास दोन. शंभर चौरस फुटांना 4 मिलिमीटरचा थर म्हणजे साधारण 37 लिटर ओला माल. त्याला अठरा-वीस लिटर चुना आणि त्याच्या दुप्पट भुकटी. खालच्या थराला 90 लिटरच्या पुढे माल जातो. सांडलवंड धरून दहा-पंधरा टक्के वाढवून घ्यावे.

चित्राचा थर एकदम सगळ्या भिंतीवर चढवायचा नसतो. त्या दिवशी रंगवून होईल एवढाच तुकडा. एका माणसाला आकृत्या असतील तर दहा-पंधरा चौरस फूट पुरे. नुसते आकाश असेल तर थोडे अधिक. आदल्या रात्री आणि सकाळी खालचा थर भरपूर भिजवायचा, नाहीतर तो वरच्या थराचे पाणी पिऊन टाकतो. थर लावल्यावर बोट हलके दाबले तर ठसा उमटावा, पण चुना बोटाला चिकटू नये. तो क्षण आला की कुंचला उचलावा. त्याआधी लावला तर कुंचल्याबरोबर चुना वर येऊन रंग दुधाळ होतो. उशीर झाला तर रंग नुसता बसतो, धरत नाही; वाळल्यावर बोट फिरवले की पावडर हाताला लागते. थंडीत सहा ते आठ तास मिळतात. मे महिन्याच्या देशावरच्या उन्हात दोन-तीन तासांत साय धरते, म्हणून हे काम दिवाळी ते होळी या काळातले. संध्याकाळी न रंगवलेला गिलावा तिरक्या धारेने कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी कड भिजवून पुढचा तुकडा जोडायचा. हा सांधा कुठे घ्यायचा हे आधीच ठरवतात: पदराच्या कडेने, मानेच्या रेषेने, खांबाच्या बाजूने. मोकळ्या आकाशात सांधा आला की तो जन्मभर दिसतो.

रंगही चुन्याला सोसणारेच लागतात. गेरू, हिरमुजी, पिवडी, हिरवी माती, काजळी, लोखंडाची ऑक्साइडे. पांढरा म्हणजे चुनाच. हिंगूळ उन्हात काळवंडतो, शिशाचा सफेता आणि शेंदूर भिंतीवर काळे पडतात, प्रशियन निळा चुन्यात मोडतो, क्रोम पिवळा नारिंगीकडे झुकतो. ओला रंग वाळल्यावर बराच फिका पडतो. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा पट्टा आदल्या आठवड्यात विटेवर ओढून वाळवून बघतात. न बघता हात चालवणाऱ्याचा दुसरा तुकडा पहिल्याशी कधीच जुळत नाही.

हे सगळे लक्षात घेऊन हिंदी भवनाकडे पाहावे. सभागृहाच्या तीन भिंतींचा वरचा अर्धा भाग सलग रंगवलेला आहे. भिंतीएवढे रेखाटन आधी कागदावर करून ते उतरवण्याची प्रथा असताना विनोदबिहारींनी लहान कच्ची चित्रे हाताशी ठेवून थेट भिंतीवर काम केले. मदतीला पत्नी लीला, पुढे नावाजलेले चित्रकार झालेले के. जी. सुब्रमण्यन, जितेंद्रकुमार अशी माणसे होती. ज्याला दुरून सगळी भिंत एका नजरेत दिसत नव्हती त्याने ती हाताच्या पल्ल्याने, तुकड्यामागून तुकडा जोडत वाढवली. कबीर, सूरदास, तुलसीदास त्यात आहेत, पण सिंहासनावर बसवलेले नाहीत. विणकर, यात्रेकरू, बायाबापड्यांच्या गर्दीत ते चालत आहेत. वारी पाहिलेल्या माणसाला ही गर्दी लगेच ओळखू येईल. उभ्या, सडपातळ आकृत्या एकीतून दुसरीकडे नेतात आणि दिवसांचे सांधे त्या उभ्या कडांना सहज सामावून घेता येतात. रचना आणि गवंडीकाम असे एकमेकांत गुंतलेले असते. वरच्या अर्ध्या भागाचा फायदाही ध्यानात घ्यावा: जमिनीची ओल भिंतीत तीनेक फूट चढते, खुर्च्यांच्या पाठी आणि माणसांचे हात त्याच उंचीवर लागतात. आपल्याकडे शाळेच्या कुंपणावर चित्र थेट पायथ्यापासून सुरू करतात. पहिले पोपडे तिथेच निघतात.

उड्डाणपुलावर ओल्या चुन्याची चित्रे काढा असे आमचे म्हणणे नाही. धुराची, आम्लाची हवा आणि सरळ पाऊस चुन्याला सोसत नाही. त्याची जागा पडवी, सभामंडप, शाळेचा व्हरांडा. त्या मोठ्या उघड्या जागांसाठी सुब्रमण्यन यांची वाट धरावी. लखनौच्या रवींद्रालयावर 1963 मध्ये त्यांनी भाजलेल्या मातीचे चित्र बसवले. पावसाला तोंड देणाऱ्या भिंतीवर भाजलेली माती, काच लावलेली फरशी, दगड यांना तोड नाही, आणि आपल्याकडे कुंभारांची गावे आहेत. खर्च रंगापेक्षा कितीतरी जास्त येतो हे खरे. पण दर दोन वर्षांनी तीच भिंत नव्याने रंगवण्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

राहिली ॲक्रिलिक इमल्शनची चित्रे, जी नव्वद टक्के ठिकाणी होणारच. त्यांचेही काही नियम आहेत. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला 28 दिवस तर हवेतच, खरे तर एक उन्हाळा जाऊ द्यावा. दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरले असेल तर त्या भिंतीवर रंग चढवू नये. भिंतीची क्षारता दाखवणारी, पाण्यात भिजवलेली पीएच पट्टी 9-10 च्या वर गेली तरी थांबावे. लोणा आलेला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढायचा, पाण्याने धुवायचा नाही. पाणी त्याला पुन्हा आत नेते. आणि ओल कुठून येते ते न शोधता वर प्रायमर मारणे म्हणजे तापात पावडर लावणे. आतल्या भिंतीची पुट्टी बाहेर वापरली की पहिल्या पावसात ती फुगते. बाहेरचे प्रायमर, त्यावर बाहेरचेच इमल्शन, दोन हातांना लिटरमागे पन्नास-साठ चौरस फूट हा हिशेब धरावा.

चित्रकारांचीही एक चूक इथे कबूल करायला हवी. जलरंगासारखा पातळ हात हवा म्हणून इमल्शनमध्ये दुपटीने पाणी घालतात. त्याने रंगाला बांधणारे द्रव्यच विरळ होते आणि वर्षभरात भिंतीवर खडू उतरतो. पातळपणा हवा तर पाण्याऐवजी ॲक्रिलिकचे पारदर्शक मीडियम घालावे. छोट्या बाटल्यांतला स्टेनर, म्हणजे छटा देणारा दाट रंग, लिटरभर रंगात चाळीस-पन्नास मिलीपेक्षा जास्त ओतला की थर नीट वाळत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर भडक लाल, लिंबू पिवळा आणि फ्लुओरोसंट छटा सगळ्यात आधी उडतात. तांबडा आणि पिवळा ऑक्साइड, काळा, पांढरा उरतात. ज्याने रचना या चौघांवर उभी केली त्याचे चित्र पाच वर्षांनीही वाचता येते.

जुन्या वाड्यांबद्दल वेगळे लिहायला हवे, इथे फक्त एक इशारा. वाई-मेणवलीपासून अनेक ठिकाणी चुन्याच्या भिंतींवर पेशवाईतली चित्रे आहेत. अशा भिंतीच्या मागे, खाली किंवा बाजूला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायची वाट बुजते आणि ती चित्राच्या थरातूनच बाहेर येते. दुरुस्ती करायची तर चुन्याने. ठेकेदाराला सिमेंटचेच दरपत्रक माहीत असेल तर काम न केलेले परवडेल.

आता पालिकांकडे मागणी. भिंतीचा तपासणी अहवाल चित्राच्या निविदेआधी व्हावा आणि तो अभियंत्याच्या सहीने निविदेला जोडावा. गिलावा, पन्हळ, कंगोऱ्याचा उतार आणि पागोळी तोडणारी खाच ही कामे स्वतंत्र बाब म्हणून, स्वतंत्र दराने, आधी पूर्ण करावीत. आज दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास जबाबदार धरण्याची मुदत, चित्रकाराच्या गळ्यात असतो. मागच्या बाजूच्या शौचालयाची नळी फुटून चित्र गेले तरी अनामत रक्कम त्याचीच अडकते. ओलीची जबाबदारी इमारत विभागाची आणि रंगाची चित्रकाराची, अशी विभागणी करारात लिहून ठेवावी. साहित्यासाठी तीस टक्के आगाऊ रक्कम मिळाली नाही तर माणूस स्वस्तातला डबा घेतो, त्यात नवल ते काय? कामाची मुदत सर्वेक्षणाच्या तारखेवरून नको, ऋतूवरून ठरावी. परांची चित्रकाराची नसून पालिकेची असावी, बांबू-दोरीची नको, कठडा असलेली, आणि ती काम संपेपर्यंत हलवू नये; अर्ध्या चित्रावरून परांची काढून दुसऱ्या चौकात नेण्याचे प्रकार सर्रास घडतात.

प्रत्येक भित्तिचित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचे आणि गवंड्याचे नाव, वर्ष, गिलाव्याची जात आणि वापरलेल्या रंगांचे प्रकार एवढे चार-पाच शब्द लिहायची सक्ती करावी. दहा वर्षांनी दुरुस्तीला येणाऱ्याला खाली काय आहे हे खरवडून पाहावे लागणार नाही.

आपले,
भित्तिचित्रांचे काम करणारे काही चित्रकार व गवंडी, पुणे